वरचा अर्धा उतार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हाइनरोडे गावचे महापौर श्री. रेनके, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती डॉ. गेझिने वुबेलर, आणि कॉफी निवत असतानाही बसून राहिलेले माझे गावकरी,

बाईंच्या तीस वर्षांच्या उत्खननाविषयी विद्वान मंडळी बोललीच. मी हेनिंग आलबोर्न, इथला वनाधिकारी. माझा संबंध विद्वत्तेशी नाही, एका उताराशी आहे.

त्या उतारावर रोमन पलटण आणि आपल्या इथल्या जर्मन टोळ्या भिडल्या, हे बाईंनीच दाखवलं. बाणांची लोखंडी टोकं मातीत घुसली तशीच होती. टोक कुठल्या दिशेला, यावरून मारा कुठून झाला ते कळतं. रोमन निसटले की तिथेच संपले, एवढाच प्रश्न उरला होता. उत्तर अजून न खणलेल्या वरच्या अर्ध्या उतारात होतं.

मग खोडकिडा आला. दोन उन्हाळ्यांत उतारावरची सगळी स्प्रूसची झाडं उभ्याउभ्या वाळली. मार्चमध्ये एक झाड पायवाटेवर कोसळलं, एका आजोबांचा खांदा मोडला. वरून हुकूम आला, तोडा. बाईंनी आधी खणायला सहा आठवडे मागितले. मी कुणाकुणाच्या पाया पडलो, ते जाऊ द्या. मिळाले चार दिवस.

"हेनिंग, अठराशे वर्षं तिथं कुणी हात लावला नाही रे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, झाडं थांबायची नाहीत."

चौसष्टाव्या वर्षी त्या चार दिवस गुडघ्यांवर रांगल्या. एकतीस वस्तू मिळाल्या, पण उताराचा एक कोपराच झाला. पाचव्या सकाळी तोडणीचं मशीन चढलं. आम्ही दोघं कडेला उभे होतो.

संध्याकाळी बाई मशीनच्या चाकांनी उकरलेल्या चाकोऱ्यांत उतरल्या. एक टोक सापडलं. तळहातावर घेऊन त्यांनी ते इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं.

"आता हे कुठंही बघेल," म्हणाल्या, आणि पिशवीत टाकलं.

रोमनांचं काय झालं, ते आता कुणालाच कळणार नाही.

असो. आयोजकांचे, केक करून आणणाऱ्या भगिनींचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर तुम्ही मोठ्या मनानं पोटात घालाल. पण बाई, तोडणीच्या कागदावर सही माझी होती. मी नसती केली, तर दुसऱ्यानं केली असती. तरी ती माझीच आहे. त्या सहीची क्षमा कशी मागतात, मला माहीत नाही. मागतो.