मी ‘प्रयत्न करेन’ म्हणाले

आणि वर मलाच विचारतात, ‘बाजूला ठेवता येईल का?’ काय बाजूला ठेवू? माझा सख्खा भाऊ गेलाय हो! दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं वेंडेलला उडवलं त्याला अकरा वर्षं झाली, अजून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला मी चुकून एक ताट जास्त मांडते, आणि हे म्हणतात बाजूला ठेवा... जसं काही शाळेच्या स्वयंपाकघरातलं पातेलं आहे, या शेगडीवरून उचललं, त्या ओट्यावर ठेवलं.

तुम्हाला सांगते, काउंटीच्या कोर्टातून ज्युरीचं बोलावणं आलं तेव्हा मी चांगला इस्त्रीचा ब्लाउज घालून गेले. चाळीस साधी माणसं बाकांवर, आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला त्यांतले बारा निवडायचे. खटला कुणाचा, तर कर्टिस म्हणून घरांची छपरं दुरुस्त करणारा सव्वीस वर्षांचा पोरगा, दारू पिऊन गाडी चालवली आणि एका बाईचा पाय मोडला म्हणे. म्हणे हं, सिद्ध काहीच नाही अजून. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला तुरुंगात टाकून कुलूपसुद्धा लावून आले. एक साक्ष न ऐकता. हे बरं का? नाही ना? म्हणून तर ‘कुणाला निःपक्ष राहणं जमणार नाही?’ असं जजसाहेबांनी विचारल्यावर हात वर केला.

माझ्याआधी शेजारचा हार्लन उठला, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो तो. त्याच्या घरात कुणाला साधं खरचटलेलं नाही, पण म्हणतो कसा, ‘साहेब, दारुडे सगळे चौकात उलटे टांगा.’ दोन मिनिटांत ज्युरीतून सुटला. बाहेर त्याच्या गाडीत मासे धरायचे गळ तयार होते. जाता जाता मला म्हणतो, ‘लोरेटा, असं ठणकावून सांगायचं असतं.’

मी मात्र खरं ते सांगितलं, हळू आवाजात. जजसाहेब मायेनं म्हणाले, ‘मिसेस प्रुइट, तुमचं दुःख कळतं मला. पण ते बाजूला ठेवता येईल का?’

‘वाटत नाही, सर.’

‘मी सांगेन तो कायदा पाळाल ना?’

‘कायदा पाळीन, पण...’

‘मग बाजूला ठेवता येईल?’

तेवढ्यात सरकारी वकीलबाई गोड हसून, मान अशी तिरकी करून, ‘मॅडम, निदान प्रयत्न तर कराल?’

आता सांगा, तेवीस वर्षं मी शाळेत पोरांना जेवण वाढतेय, भल्या माणसानं प्रयत्न कर म्हटल्यावर तोंडावर ‘नाही’ म्हणायला मला कुणी शिकवलंय? गेलं तोंडातून, ‘प्रयत्न करेन.’

संपलं. कर्टिसच्या वकिलानं डोळेच मिटले. काही कारण न देता नकोशी माणसं गाळायच्या ठरावीक संधी असतात, त्याच्या आधीच संपल्या होत्या. जजसाहेब म्हणाले, ‘छान, खुर्ची नंबर सात.’

आणि मागच्या बाकावर त्या पोराची आई. ती माझ्याकडे बघून हसली हो... बरी बाई मिळाली, न्याय करील, अशा विश्वासानं. मी, जिनं तिच्या पोराला कधीच कुलूपबंद केलं होतं. घरी गेले तर घास उतरेना. बाजूला ठेवा म्हणे. ते हसणं कुठे ठेवू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिपायाच्या हाती जजसाहेबांना चिठ्ठी दिली. आत बोलावलं, दोन्ही वकील हजर. म्हटलं, ‘सर, काल प्रयत्न करेन म्हणाले ती नुसती भिडस्त बाईची सभ्यता होती. खरं उत्तर, नाही जमणार. तो काहीही म्हणाला तरी मी त्याला दोषीच धरणार.’ एका दमात बोलले. तुम्हालाही कधी बोलावलं ना, तर पहिल्याच दिवशी ‘नाही जमणार’ एवढंच म्हणा, ‘प्रयत्न’ हा शब्द काढूच नका.

माझ्या जागी राखीव माणूस बसवला. चला, पोराचं नशीब आता निदान कोऱ्या मनाच्या हाती. मी सुटकेचा श्वास घेतेय तोवर जजसाहेबांनी चष्मा काढला.

‘मिसेस प्रुइट, हे काल इतकं स्पष्ट का नाही सांगितलंत?’

तुम्हाला सांगते, काय काय ओठांवर आलं होतं... आणि बाहेर काय पडलं?

‘चुकलंच माझं, सर.’