झुळूक म्हणजे किती?

पंखा दुरुस्तीच्या दुकानात शाळेतल्या बाई मिक्सर मांडीवर घेऊन ताटकळत होत्या. पुढच्या आजींचं काही संपेना.

“एक नंबरवर झुळूक यायची रे. तू वारा केलास.”

“आजी, झुळूक म्हणजे किती?”

“पेपर हलावा, पण उडू नये, इतकी.”

बाईंना राहवेना. “झुळझुळ येते, म्हणून झुळूक.”

“ऐकलंस? आणि हा नुसता भणाणतोय!”

मिस्त्रीनं पंखा पुन्हा खोलला, जोडला, समोर पेपर पसरला. एक टोक तेवढं हललं.

“हां, ही झुळूक! आमचे हे तोंडावर पेपर घेऊन झोपतात. तो उडाला की उठतात, आणि संध्याकाळपर्यंत मला बातम्या वाचून दाखवतात.”

बाई उठल्या. “मिस्त्री, मिक्सर राहू दे. आमचा पंखाच घेऊन येते.”