कलकत्त्याची खीर

सांगलीच्या एका दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या भार्गवीचे कान कधीचे शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथं विट्याकडच्या दोन बायका बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर स्टीलचा डबा होता.

"परत खीर नासली व्हय, अक्का?"

"दुसऱ्यांदा. शेवया शिजल्या, उकळत्यातच गूळ टाकला आन् दूध फाटलं. मालक आजारी पडल्यापास्नं दुसरं काय खाईनात. ही खीरबी एक घास घेत्यात आन् म्हनत्यात, कलकत्त्यासारखी न्हाई."

"तीस वरसं तितं सोनं गाळायच्या गलाई दुकानात काढली, चव जिभंवर बसनारच की. पन करून कोन घालायचं त्यास्नी?"

"दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई हुती. मिनती."

"आन् तुमास्नी ठावं हुतं?"

"मी हितं, पोरं शाळंत. ठावं हुतं."

"अगं बाई."

"काल तिलाच फोन लावला."

"तुमी?"

"मग कोन लावनार? गॅस बंद करून दूध जरा निवलं की मग गूळ घालायचा, म्हनली. त्योबी खजुराचा."

"त्यो हितं कुटं गावायचा?"

"ती घिऊन येतीया. परवा मिरजंला उतरंल. मीच जानार हाय आनायला."

भार्गवीचा नंबर पुकारला. ती जागची हलली नाही.

"कवा बघितली न्हाई, वळखनार कशी तिला?"

"मीबी त्येच इचारलं. म्हनली, तुमी नुसत्या हुब्या ऱ्हावा. दुकानातला तुमचा फोटू तीस वरसं मीच पुसलाय."