नागासाकी ते फुकुए, तीस मिनिटे

आप्तांमधील अंतर मोजण्याचे दायित्व विमानाचे नव्हे, मनाचे असते. नागासाकीच्या विमानतळावर फुकुए बेटास परतणारी वृद्धा आणि तिला पोहोचवण्यास आलेला पुत्र माझ्या शेजारी बसले होते.

"पोहोचलीस की फोन कर, आई."

"करते हो, कात्सुमी. अर्ध्या तासात तुझा चहा निवणार नाही."

"ओबोनच्या सणाला बाबांच्या थडग्यावर कंदील लावायला यायचं जमेलसं वाटत नाही. लांब पडतं गं."

"शंभर किलोमीटर! वाटेत मुक्कामच करावा लागत असेल!"

"शेजाऱ्यांना सांग ना."

"ते त्यांच्या वडिलांचे लावतात. त्यांचा मुलगा ओसाकाहून येतो."

"...आणि कंदील टांगायला बांबूची चौकट कोण बांधेल?"

"मी. ऐंशीचीच तर आहे."

"तेरा ऑगस्टची तिकिटं बघतो."

"खिडकीची जागा घे. लांबचा प्रवास आहे."

त्या दिवशी समुद्रावरचे आकाश निरभ्र राहो.