खोली खाली आहे

हॅलो?… कुलूप, दादा, कुलूप… मटार मागून सांगते… अरे, दलाल ढुंढिराजपंत… नाही, घरून कुठला फोन, चौकातल्या डॉक्टरांकडून बोलते आहे… हो बाबा, घर विकायचंच आहे.

कालिंदीने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. इकडे काशी, तिकडे पुण्यात थोरला भाऊ नीलकंठ, आणि मध्ये सगळी खरखर.

ऐक ना. तू म्हणालास, दलाल आपल्यातला बघ, मराठी बोलणारा. म्हणून पंत… हो, बोलतात. पणज्यापासून इथलेच, निम्मं हिंदी असतं, इतकंच. त्यांनी विचारलं, "खोली खाली आहे ना?" मी म्हटलं, हो, खाली आहे… अरे, मला वाटलं, वर की खाली ते विचारतायत. त्यांना विचारायचं होतं, रिकामी आहे का… हसू नकोस. काल गिऱ्हाईक घेऊन आले, हातात नवं कोरं कुलूप. आणि खाली आनंदीकाकू मटार सोलत बसलेल्या… हो, तेच मटार.

… छे, चुकलं कुठलं म्हणतायत. गिऱ्हाइकासमोर मलाच म्हणाले, तुम्हीच बोललात, आता संक्रांतीच्या आत म्हातारीला हलवा.

… कुठे हलवू? माझ्याबरोबर प्रयागला? शाळेने बदली माझी केली, त्यांची नाही. मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं व्रत आहे त्यांचं. आपल्या अप्पांनी ती खोली त्यांना नुसत्या शब्दावर दिली. तू होतास ना तिथे?… हॅलो?… जी, ऑपरेटर भैया, बात चालू है, काटिए मत… हां, दादा.

तर दुसरा एक दलाल आहे, बटुकप्रसाद… नाही, मराठीचा गंधही नाही. पण तो आधी माडीवर आलाच नाही. काकूंच्या उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला, "माताजी, मकान बिक गया तो आप कहाँ रहिएगा?"… पंतांनी विचारलं का हे? तू विचारलंस?… बरं, राहिलं. मीही नाही विचारलं.

तो म्हणतो, काकूंसकट घर घेणारा शोधतो. वेळ लागेल, भाव पडेल… कळतंय रे मला. पण सही तुझी लागते. पंत संध्याकाळी यायचेत, काय सांगू त्यांना?

डॉक्टर दारातून हातवारे करू लागले.

जी?… कलेक्टर साहब को लाइन चाहिए? बस, भैया, हो गया… दादा, पटकन सांग. काकू राहतील की जातील?… काय?… "खाली राहू दे"?… कोणाला, काकूंना? की खोली? दादा, तुझं खाली म्हणजे खालीच ना?… हॅलो?… हॅलो?

फोन मुका झाला. कालिंदीने रिसीव्हर जागेवर ठेवला. पुण्याच्या माणसाचं खाली ते खालीच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि पायऱ्या उतरून ती घराकडे न जाता बटुकप्रसादच्या गल्लीकडे वळली.

आनंदीकाकू त्या खोलीत राहायला आल्या, तेव्हा कालिंदीला अजून एकही शब्द बोलता येत नव्हता.