सोमवारचा बेल

(उचगाव. दार बंद. खिडकीच्या जाळीआड चन्नम्मा, हातात बेलाची पानं. बाहेर शेजारची हुस्ना, आत्ताच मोबाइल खाली घेतलेली.)

चन्नम्मा : मग काय म्हणाला संगमेश?

हुस्ना : पुण्यातनं दार उघडता येतंय, पर उघडणार न्हाय म्हणतोय. रस्त्यात पडलीस तर कोण बघणार? घरातल्याच देवाला बेल वाहा म्हणाला.

चन्नम्मा : अन् किल्ली?

हुस्ना : त्या कुलपाला किल्लीच न्हाय, अक्का. त्याच्या मोबाइलवर चालतंय ते.

चन्नम्मा : बाराला मठ बंद होतोय. तिथं बेल वाहिल्याबिगर सोमवारी मी पाणी बी घेत न्हाय.

हुस्ना : तुमचंच चुकलं की. त्या दिवशी मनगटावरचा नाडी मोजायचा पट्टा काढला कशाला?

चन्नम्मा : चामड्याचा हाय गं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, अन् त्याच हाताला चामडं? पूजेपुरता काढून कोनाड्यात ठेवला होता.

हुस्ना : अन् तिकडं त्याला दिसलं, आईची नाडी थांबली. ॲम्ब्युलन्स आलती गल्लीत. दार मोडून मी रडत आत आलो, तर तुम्ही आपल्या तळहाताकडं बघत बसलेल्या!

चन्नम्मा : पूजेत बोलायचं नसतंय. मोडलं म्हणून हे नवं दार आलं. आता पूजेत बी पट्टा हातातच. मधीच थरथरतंय, उठा म्हणतंय, चाला म्हणतंय.

हुस्ना : एक चाला म्हणतंय, एक कोंडून घालतंय. द्या तो बेल इकडं, मी वाहून येतो. मठात मला कोण अडवत न्हाय.

चन्नम्मा : तुला कोण अडवंल? पर नवस माझ्या पायांचा हाय.

हुस्ना : कसला नवस?

चन्नम्मा : संगमेश तीन वर्षांचा झाला तरी उभा ऱ्हात नव्हता. ह्याला चालतं कर, मी दर सोमवारी उपाशी चालत येतो, म्हणून बोललो. बत्तीस वर्षं झाली. एक सोमवार चुकला न्हाय.

हुस्ना : या अल्ला. अन् त्याला ठावंच न्हाय?

चन्नम्मा : ज्याच्यासाठी बोलायचं, त्याला सांगायचं नसतंय.

हुस्ना : थांबा, मीच सांगतो.

चन्नम्मा : नको गं. आधीच आज चुकतंय. मला त्याच्या पायाचं भ्या वाटतंय.

भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या डब्यातनं संगमेश : अव्वा, अर्धा तास झाला, दाराशी उभी दिसतेस. पाय सुजतील. बस जा बघू.

हुस्ना : बोला की, अक्का.

चन्नम्मा : बसलो, बाळा. तुझं पाय बरं हायत न्हवं?