मामंजींची काळी सुरई

तुम्ही हसाल, पण नवी नवरी असताना मी मामंजींच्या सुरईवरची फुलंच गायब केल्ती. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मामंजींना जुन्या वस्तूंचा भारी नाद. अंबडच्या बाजारातून त्यांनी बिदरी सुरई आणली, काळीकुट्ट, वर चांदीची वेल. मला वाटलं, धुरानं काळी पडली असंल. चिंच अन् राख लावून बराबर घासली. काळं निघालं अन् वेलही दिसंना. सगळी सुरई राखाडी.

मामंजींनी ती उजेडात फिरवून पाह्यली. “सूनबाई, फुलं कुठं गेली?”

मी पदराआडून म्हणलं, “मी बी तेच शोधून राह्यले. मोरीत पण पाह्यलं.”

सासूबाई कडाडल्या, “हिला आजच माहेरी धाडा.”

मामंजी म्हणले, “चांदी हाय तिथंच हाय. काळ्यावरच दिसती ती.”

मला राहवंना. “मंग मुळात काळी कशानं करत्यात?”

“बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती, अन् नवसागर.”

“नवसागर कल्हईवाल्याकडं मिळंल. माती तेवढी आणा, मीच करते काळी.”

मामंजी सासूबाईंकडं वळले. “माहेरी नको. हिला बिदरला धाडू.”